फ्लॉरेन्स, आम्ही दोघं आणि आमचे महाराज

फ्लॉरेन्सला दोन दिवस रग्गड झाले, असं आम्हाला ज्यानं त्यानं सांगितलं होतं. मुलाकडे म्युनिकला महिनाभर राहायला गेलो होतो. तिथल्या मराठी मंडळींपैकी एका बाईंनी तर हिशेबच मांडून दिला: मुक्काम रोममध्ये करा, सकाळच्या गाडीनं जा, रात्री परत या, दीड तासाचा तर प्रवास. आमच्या ह्यांनी मात्र चार रात्रींचा हट्ट धरला. ह्यांचा सगळा जन्म बांधकामात गेला. त्यांना तिथल्या मोठ्या चर्चवरचा ब्रुनेलेस्कीनं बांधलेला घुमट बघायचा होता, आणि दुसरी, आपल्या कोल्हापूरच्या राजाराम महाराजांची छत्री, म्हणजे त्यांच्या दहनाच्या जागेवरचं स्मारक. कोल्हापूरच्या माणसानं इटलीत जाऊन ती बघितली नाही तर तोंड काय दाखवायचं, असं त्यांचं म्हणणं.

मला खरं सांगायचं तर व्हेनिस बघायचं होतं. "पाण्यातलं गाव काय बघायचं, आपलं दर पावसाळ्यात होतंय की तसं," असं म्हणून ह्यांनी तो विषय संपवला.

ऑक्टोबरातला शेवटचा शुक्रवार होता. सकाळी म्युनिकहून निघालो, ब्रेनरच्या खिंडीतून आल्प्स ओलांडले, बोलोन्याला गाडी बदलली आणि संध्याकाळी सांता मारिया नोव्हेल्ला स्टेशनात उतरलो. मुलानं सांताम्ब्रोजोच्या बाजारामागे स्वयंपाकघर असलेली खोली घेऊन दिली होती. पत्ता हातात, नकाशा फोनवर, गल्लीही बरोबर. सत्तावीस नंबरपुढे जाऊन उभे राहिलो तर आत चामड्याच्या पिशव्यांचं दुकान. ह्यांनी दुकानदाराला पत्त्याचा कागद दाखवला. त्यानं रोजचंच असल्यासारखा चेहरा करून बाहेर येऊन भिंतीवरचा आकडा दाखवला. लाल होता. मग बोटानं मागं, दूर कुठंतरी दाखवलं.

फ्लॉरेन्समध्ये एकाच रस्त्यावर नंबरांच्या दोन माळा चालतात. दुकानं, खानावळी लाल आकड्यांच्या. राहती घरं निळ्या नाहीतर काळ्या आकड्यांची. दोन्ही आपापल्या चालीनं पुढं जातात, त्यामुळे लाल सत्तावीस आणि काळा सत्तावीस यांचा एकमेकांशी काडीचा संबंध नसतो. पत्ता लिहिताना लाल आकड्यापुढे बारीकसा 'आर' लावतात, रोस्सो म्हणजे लाल, त्याचा. आमच्या कागदावर 'आर' नव्हता. ही एवढीशी गोष्ट जायच्या आधी कळली असती तर दगडी फरशीवरून दोन बॅगा ओढत उलटं चालावं लागलं नसतं. तिसरा मजला, लिफ्ट नाही, हे मुलानं सांगितलं होतं. आम्ही ऐकलं नव्हतं.

घुमटाची वेळ शनिवारी सकाळी साडेनऊची. हे तिकीट नावानिशी निघतं, ठरल्या वेळीच आत घेतात, आणि ते आधी काढलेलं नसेल तर आयत्या वेळी मिळेल याची आशा धरू नये. वीस मिनिटं आधीच आम्ही उत्तरेकडच्या दारापाशी हजर. माझ्या खांद्याला पिशवी: दशम्या, शेंगदाण्याची चटणी, पाण्याची बाटली, छत्री. दारावरच्या माणसानं तिकीट बघितलं, पासपोर्ट बघितले आणि पिशवीकडे बोट करून मान हलवली. वर पिशवी न्यायची नाही. सामान ठेवायची जागा चौकातच होती, पण रांग होती. तिथं उभी राहून मी मनातल्या मनात अंबाबाईला साकडं घातलं. परत पळत आले तेव्हा हे दारात एक पाय आत, एक बाहेर असे उभे होते, म्हणजे त्या माणसाला दार लावता येऊ नये.

पायऱ्या ४६३. जिना अरुंद, काही ठिकाणी एकच माणूस जाईल एवढा. माझे गुडघे दोनशेव्या पायरीला बोलायला लागले. मध्येच जिना घुमटाच्या आतल्या सज्जात उघडतो आणि डोक्यावर 'अंतिम निवाडा' येतो. चित्रकार, वास्तुकार आणि लेखकही असलेल्या वासारीनं हे चित्र सुरू केलं, १५७४ मध्ये तो वारला, मग झुकारीनं १५७९ मध्ये पुरं केलं. चर्चच्या जमिनीवरून ते भव्य वाटतं. सज्जातून इतक्या जवळून मला ते जत्रेतल्या पडद्यासारखं भडक वाटलं, विशेषतः खालच्या नरकातली भुतं. कुणी रागावलं तरी माझं मत तेच.

सज्जाच्या पुढं खरी गंमत. घुमट एक नाही, दोन आहेत, एकात एक. आतला जाड, बाहेरचा पातळ, आणि आपण दोघांच्या मधल्या फटीतून वर चढतो. भिंती आपल्या अंगावर झुकलेल्या. विटा उघड्या. इथं हे जे थांबले ते थांबलेच. मागं स्पॅनिश बोलणारं एक कुटुंब अडकलेलं, आणि हे भिंतीला हात लावून म्हणतायत, "सेंट्रिंग नाही गं! सेंट्रिंगच नाही!"

ज्याच्या घरचा स्लॅब पडताना बघितलाय त्याला हे लगेच कळेल. कमान असो, घुमट असो, आधी खाली लाकडाचा सांगाडा उभा करायचा, वर काम करायचं, सुकलं की सांगाडा काढायचा. या चर्चचं काम १२९६ मध्ये सुरू झालं, भिंती वर गेल्या, पण माथ्यावरचं आठ कोनी भोक जवळजवळ ४५ मीटर रुंद. एवढ्या उंचीवर एवढं सेंट्रिंग करायला लाकूड आणायचं कुठून आणि ते पेलायचं कशावर? १४१८ मध्ये स्पर्धा जाहीर केली. ब्रुनेलेस्की मूळचा सोनारकामात तयार झालेला माणूस. तो म्हणाला, सांगाडा नकोच. १४२० मध्ये काम सुरू झालं आणि १४३६ मध्ये घुमट मिटला.

कसा, ते ह्यांनी मला बोटानं दाखवलं. विटांचे थर आडवे जातात, पण ठरावीक अंतरावर एक वीट उभी. पुढच्या थरात ती उभी वीट जराशी सरकलेली. असं वर वर जात माशाच्या काट्यासारखी तिरकी रेघ तयार होते. उभ्या विटा मधल्या आडव्या विटांना दोन्हीकडून चिमटीत धरतात, त्यामुळे चुना ओला असला तरी वीट आत घसरत नाही. थर फिरून स्वतःला येऊन मिळाला की तो आपला आपण उभा. मग पुढचा थर. अशा चाळीस लाखांवर विटा. गवंड्यांचा वेळ खालीवर करण्यात जाऊ नये म्हणून ब्रुनेलेस्कीनं जेवणाची सोय वरच केली होती, असं वासारी लिहून गेलाय. हे कळल्यावर ह्यांच्या मनात त्याचा मान आणखी वाढला. "माणसं सांभाळता आली पाहिजेत, वीट काय कोणीपण लावतंय."

वर कंदिलापाशी, म्हणजे घुमटाच्या टोकावरच्या छोट्या मनोऱ्यापाशी, पोचलो तेव्हा वारा सुटला होता. खाली लाल कौलं, पलीकडे टेकड्या, आर्नोची पट्टी. मी फोटो काढत होते. हे पाठ करून विजापूरच्या गोलघुमटाबद्दल बोलत होते, की तो याच्यानंतर दोनशे वीस वर्षांनी पुरा झाला, आणि आपण तो चारदा बघितला पण एकदाही कुणी कसा बांधला ते विचारलं नाही.

उतरल्यावर पुन्हा रांग लावून चर्चमध्ये गेलो. तिथं आत जायला पैसे नाहीत, फक्त खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. माझ्या पंजाबी ड्रेसला कुणाची हरकत नव्हती. मुख्य दाराच्या आतल्या बाजूला, वर, एक मोठं घड्याळ आहे. त्याची तबकडी पाओलो उच्चेल्लोनं १४४३ मध्ये रंगवली. चोवीस आकडे, काटा एकच आणि तो उलटा फिरतो. त्यांचा दिवस सूर्यास्तापासून मोजला जायचा. चोविसावा तास संपला की सूर्य मावळला. शेतातून गावाच्या वेशीत परतायला किती वेळ उरलाय हे एका नजरेत कळायचं. मला ते भारी आवडलं. आपल्याकडे तिथी सूर्योदयाची, यांची संध्याकाळची, आणि अमुक वाजले म्हणजे नक्की काय हे ज्यानं त्यानं आपापलं ठरवलेलं.

घड्याळानं लगेच सूड घेतला. दुसऱ्या दिवशी उफिझी या चित्रसंग्रहालयाची नऊची वेळ. ह्यांच्या मनगटी घड्याळात पावणेनऊ झाले तसे आम्ही दारात, आणि दारात कुणीच नाही. एक झाडूवाला आणि आम्ही. बारीक पाऊस. दहा मिनिटांनी मी फोन काढून बघितला तर आठ वाजायला पाच मिनिटं. ऑक्टोबरातल्या शेवटच्या रविवारी पहाटे युरोपभर घड्याळं एक तास मागं घेतात, फोन आपले आपण बदलतात, एचएमटी बदलत नाही. मुलानं रात्री मेसेज टाकला होता म्हणे. एक तास आम्ही वासारीच्या कमानींखाली उभे राहिलो आणि मी ह्यांच्याशी बोलले नाही.

पण त्या तासात मला उफिझी कळली, असं आता वाटतं. उफिझी म्हणजे ऑफिसं. इथल्या राज्यकर्त्या मेदिची घराण्यातल्या कोझिमोनं १५६० मध्ये सरकारी कचेऱ्या एका छपराखाली आणण्यासाठी वासारीकडून ही बांधून घ्यायला सुरुवात केली. म्हणजे आपल्या भाषेत जुनी मध्यवर्ती इमारत. दोन लांब रांगा, मध्ये बोळ, टोकाला नदी. आणि मी एकतीस वर्षं सहकारी बँकेच्या कॅश काउंटरला बसलेली बाई, माझ्या डोक्यात वेगळंच चाललं होतं. बँक हा शब्दच इटालियन 'बांको'वरून आला, बाकडं. सराफ चौकात बाकडं टाकून बसायचे. मेदिची बँक १३९७ मध्ये सुरू झाली आणि १४९४ मध्ये संपली. पुरती शंभर वर्षंही नाहीत. तरी त्या पैशातून काय काय उभं राहिलं, ते वरच्या मजल्यावर टांगलेलं.

बोत्तिचेल्लीच्या व्हीनसपुढे ही गर्दी. कोल्हापूरच्या माणसाला व्हीनस म्हटलं की आधी व्हीनस कॉर्नर आठवतो, आणि व्हीनस कॉर्नर म्हटलं की पुराचं पाणी. चित्रातलीही पाण्यातूनच वर आलेली, शिंपल्यात उभी. मी हळूच ह्यांच्या कानात सांगितलं आणि सकाळचा अबोला तिथं सुटला. आम्ही दोघं इतके हसलो की रखवालदार बाईनं वळून बघितलं. पण चित्र खरंच सुंदर आहे. ते लाकडावर नाही, कापडावर काढलंय, आणि तिच्या केसांत, पानांवर सोन्याचा स्पर्श आहे. छापील फोटोत तो कधीच येत नाही. पुढे कितीतरी दालनं झाली. लिओनार्दोचं देवदूताचं चित्र बघितलं, काराव्हाज्जोची मेदुसा बघितली, आणि तिथं डोळे भरले. भरले म्हणजे आणखी काही मावेना. दोन तासांनंतर उफिझीत माणूस चित्रं बघत नाही, बाकडी शोधतो. बाकड्यावर बसून मी ह्यांना आन्ना मारिया लुइजाची गोष्ट सांगितली. मेदिचींची शेवटची. मूलबाळ नाही, भाऊ गेला, राज्य दुसऱ्या घराण्याकडे जाणार. १७३७ मध्ये तिनं करार केला: आमच्या घराण्याचा हा सगळा संग्रह घ्या, पण यातली एकही वस्तू फ्लॉरेन्सच्या बाहेर जायची नाही. हे एवढंच तिनं केलं आणि म्हणून ते आजही एका ठिकाणी आहे. "शिकली-सवरली असणार," हे म्हणाले. मी म्हटलं, "नाही, व्यवहारी असणार."

दुपारी चारला मायकेलअँजेलोचा डेव्हिडचा पुतळा. अकादेमियात लांबच्या लांब दालनाच्या टोकाला तो उभा, ५.१७ मीटर उंच, आणि आपण चालत जाऊ तसा वाढत जातो. त्याच्याबद्दल सगळ्यांनी सगळं लिहिलंय. मला वाटेतले कैदी जास्त लक्षात राहिले, मायकेलअँजेलोनं अर्धवट सोडलेले. दगडातून खांदा बाहेर, डोकं आतच. छिन्नीचे ओरखडे जसेच्या तसे. डेव्हिडचा दगडही आधीच्या कारागिरानं सुरुवात करून टाकून दिलेला, कित्येक वर्षं पडून राहिलेला होता. हे त्यावर एवढंच म्हणाले की दुसऱ्यानं बिघडवलेलं काम हातात घेऊ नये, पण घेतलंच तर असं करावं.

खाण्याबद्दल लिहायलाच पाहिजे. तिथल्या पावात मीठ नसतं. चुकून नव्हे, मुद्दाम. तोस्काना या प्रांताची तशीच रीत. पहिल्या दिवशी ह्यांनी वेटरला बोलावून हातानंच मीठ टाकल्याची खूण केली, तर त्यानं मीठदाणी आणून दिली, चेहरा न बदलता. गाडीवर लांप्रेदोत्तो मिळतं, पावात घातलेलं, वास लांबून येतो. ते गायीचं चौथं पोट असतं असं कळल्यावर आम्ही तिथून निघालो. आमचं जमलं ते रिबोल्लिताशी. शिळा पाव, काळसर पानांची भाजी, पांढरा घेवडा, सगळं एकदा शिजवायचं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा उकळायचं; नावाचा अर्थच 'पुन्हा उकळलेलं'. गरिबाघरचं खाणं आहे, आपल्या शिळ्या भाकरीच्या कुस्कऱ्यासारखं. बाजारातून साहित्य आणून खोलीवर केलं तेव्हा मी त्यात दोन चमचे कांदा-लसूण मसाला टाकला. फ्लॉरेन्सच्या बायका माफ करोत. खानावळीत बिलावर माणशी थोडे पैसे बसल्याचे लागतात, कोपेर्तो म्हणतात, त्यावर वाद घालू नये. कॉफी उभ्यानं प्यायली तर स्वस्त, टेबलाशी बसून तीच महाग. तिसऱ्या दिवसापासून हे स्टीलच्या काउंटरला कोपर टेकून असे उभे राहायला लागले, जसे काही तिथलेच.

सोमवारी मोठी संग्रहालयं बंद. म्हणून सांता क्रोचे चर्च. मायकेलअँजेलो, मॅकियाव्हेली, गॅलिलिओ तिघंही इथं पुरलेले. गॅलिलिओ १६४२ मध्ये गेला, पण चर्चनं त्याला दोषी ठरवलेलं, म्हणून आडबाजूच्या खोलीत पुरलं; मोठ्या दालनात आणायला १७३७ साल उजाडलं. दान्तेचं थडगं आहे पण ते रिकामं, तो राव्हेन्नात. मी मात्र पुढच्या दोन कोनाड्यांत रमले. बार्दी आणि पेरुत्सी ही त्यांची नावं, भिंतींवर ज्योत्तोची चित्रं. बार्दी आणि पेरुत्सी या चौदाव्या शतकातल्या इथल्या सगळ्यात मोठ्या पेढ्या. त्यांनी इंग्लंडच्या तिसऱ्या एडवर्डला लढाईसाठी कर्जं दिली, राजानं ती थकवली, आणि १३४०च्या दशकात दोन्ही पेढ्या बुडाल्या त्यात त्या थकबाकीचाही हात होता. मोठ्या खातेदाराकडे तारण काय ते विचारायची कुणाची छाती होत नाही, हे मी आमच्या बँकेत जवळून बघितलंय. जास्त लिहीत नाही.

त्या चर्चमध्ये आणि भोवतीच्या गल्ल्यांत भिंतींवर पट्ट्या बसवल्यात: ४ नोव्हेंबर १९६६, आर्नोचं पाणी इथवर आलं होतं. काही माझ्या डोक्याच्या कितीतरी वर. चिखल आणि त्यात तेल, कारण थंडीसाठी लोकांनी तळघरातल्या टाक्या भरून ठेवलेल्या. चिमाबुए या जुन्या चित्रकारानं रंगवलेल्या क्रूसावरचा बराच रंग पाण्यानं गेला, तो आजही तसाच, जिथं गेला तिथं गेलेला. देशोदेशींची तरुण पोरं चिखलातून पुस्तकं आणि चित्रं काढायला आली, त्यांना इथं 'चिखलातले देवदूत' म्हणतात. ह्यांनी एका पट्टीखाली उभं राहून हात वर करून बघितला. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आमच्या गल्लीत पाणी आलं ते आमच्या जिन्याच्या नवव्या पायरीपर्यंत. ह्यांनी तिथं खिळ्यानं रेघ ओढून ठेवली आहे. रंग देताना ती तेवढी सोडायची, असं रंगाऱ्याला बजावलेलं.

संध्याकाळी पोन्ते व्हेक्कियो. १३४५ चा पूल, दोन्ही बाजूंनी सोनारांची दुकानं. आधी इथं खाटीक असायचे. वरून मेदिचींची खाजगी झाकलेली वाट गेलेली, वास सहन होईना म्हणून १५९३ मध्ये खाटकांना हलवून सोनारांना जागा दिली. १९४४ मध्ये माघार घेताना जर्मनांनी आर्नोवरचे बाकीचे पूल उडवले, हा ठेवला. दुकानं इतकी चिमुकली की आमची कोल्हापूरची सराफांची गुजरी त्यापुढे ऐसपैस वाटावी. बंद करताना लाकडी फळ्या लावतात, त्या जुन्या पेटाऱ्यासारख्या दिसतात. एका म्हाताऱ्या सोनारानं माझ्या मंगळसूत्राकडे बघून भिंग डोळ्याला लावलं आणि हात पुढे केला. मी काढून दिलं नाही, गळ्यातच धरून दाखवलं. त्यानं वाट्यांची कड नखानं चाचपली आणि ह्यांच्याकडे बघून मान डोलावली. दागिना माझा, कौतुक ह्यांचं.

मंगळवारी दुपारची गाडी होती. सकाळी बॅगा स्टेशनवर ठेवून ट्रामनं काशीने बागेशी उतरलो. काशीने म्हणजे आर्नोच्या काठानं तीनेक किलोमीटर लांब गेलेली झाडी. मंगळवारी सकाळी तिथं आठवड्याचा बाजार भरतो, अगदी आपल्यासारखा: स्वेटर, पातेली, चीज, मोजे. मला फुलं हवी होती. एका बाईकडे शेवंती दिसली, पांढरी आणि पिवळी, कुंड्याच्या कुंड्या. इतक्या दिवसांत पहिलं ओळखीचं फूल. मी पांढरीचा एक जुडगा घेतला. बाईनं तो कागदात गुंडाळताना माझ्या हातावर हात ठेवला आणि हळू आवाजात काहीतरी म्हणाली. मला वाटलं, काय ही प्रेमळ बाई. संध्याकाळी गाडीत मुलानं फोनवर सांगितलं तेव्हा कळलं. इटलीत शेवंती फक्त मेलेल्यांसाठी नेतात. २ नोव्हेंबरला पितरांचा दिवस असतो, त्यासाठी बाजार भरलेला. कुणाच्या घरी लग्नाकार्याला ती घेऊन गेलो असतो तर अनर्थ झाला असता. आमच्या बाबतीत मात्र ती बाई बरोबर समजली होती.

बाजार मागं पडल्यावर माणसं विरळ झाली. अर्धा तास चाललो. एका बाजूला नदी, दुसऱ्या बाजूला ओली पानं. मग बागेचं टोक आलं, झाडांवरून तारांनी तोललेला मोठा पूल दिसला. १९७० च्या दशकातला हा पूल. त्याचं नाव पोन्ते आल्लिंदियानो. 'इंदियानो' म्हणजे आपले महाराज. रोज हजारो गाड्या त्यांच्या नावावरून जातात आणि फार थोड्यांना तो कोण ते ठाऊक असेल.

राजाराम महाराज, कोल्हापूरच्या गादीवरचे दुसरे राजाराम. जन्म १८५० चा, गादीवर आले १८६६ मध्ये, आणि १८७० मध्ये युरोपला निघाले. व्हिक्टोरिया राणीला भेटले. रोज इंग्रजीत रोजनिशी लिहायचे, ती कॅप्टन वेस्टनं १८७२ मध्ये छापली. परतीच्या वाटेवर फ्लॉरेन्सला आले, तेव्हा हे शहर नव्या इटलीची राजधानी होतं, आणि ३० नोव्हेंबर १८७० ला इथल्याच हॉटेलात वारले. वय वीस. बरोबरच्या माणसांना दहन करायचं होतं, तेही नदीवर, संगमावर. कॅथलिकांच्या शहरात असं कुणी कधी बघितलेलं नाही. तरी इथल्या अधिकाऱ्यांनी खास परवानगी दिली. आर्नोला मुन्योने नावाची छोटी नदी मिळते ती नेमकी बागेच्या या टोकाला. रात्री इथं चिता पेटली. १८७४ मध्ये त्याच जागी छत्री उभी राहिली. आतला अर्धपुतळा फुलर नावाच्या इंग्रज शिल्पकाराचा, आणि छत्री मेजर मँटची. आमचा टाउन हॉल, आमचा नवा राजवाडा बांधणारा तोच मँट.

कुंपणाच्या आत दगडी चौथरा, वर नक्षीची घुमटी, खाली महाराज. पुतळा रंगवलेला आहे, पागोटं, दागिने, कोवळा चेहरा. मिसरूड नुकतं फुटल्यासारखं. दगडावरच्या लेखांमध्ये इटालियन, इंग्रजीबरोबर देवनागरी अक्षरंही आहेत. मी चष्मा पुसून एकेक अक्षर लावत बसले. पाच दिवस लाल आकडे, काळे आकडे, स्टेशनांची नावं, बिलं, सगळं दुसऱ्याकडून समजून घ्यावं लागत होतं. इथं दगडच माझ्या लिपीत. पंचगंगेच्या घाटावर राजघराण्याची देवळं, समाध्या आहेत, लहानपणी आम्ही त्यांच्या पायऱ्यांवर बसून पेरू खायचो. महाराज एकटेच इकडं.

शेवंतीचा जुडगा कुंपणाच्या गजांतून आत ठेवला. हात जोडले. धावायला आलेली एक मुलगी थांबली, कानातली वायर काढून तिनं पुतळ्याकडे आणि मग आमच्याकडे बघितलं. "फामिल्या?" तिनं विचारलं. घरचे का. हे माझ्याआधी "सी, सी" म्हणून मोकळे झाले. ती थोडी मान झुकवून पुढे पळाली.

मग हे आपल्या कामाला लागले. चौथऱ्याच्या दगडांचे सांधे बघितले, वाकून ओळंबा डोळ्यानंच धरला. "काम चोख आहे," म्हणाले. "टाउन हॉलची आणि याची कड एकाच हातची. बघ की इथं."

मी बघत नव्हते. आमचा मुलगा सव्वीस वर्षांचा आहे. मी फोन लावला.

"पोचलात का स्टेशनवर?"

"नाही अजून. जेवलास का तू?"

"आई, सकाळचे साडेदहा वाजलेत."

"बरं, मग जेव वेळेवर," मी म्हटलं, आणि ह्यांना ट्रामसाठी हाक मारली.